कारण : पाणी

हिरवा म्हणजे तसा काळाच, पण
बोट धरून उन्हात नेला तर हिरवा.
आमच्या शहरात खिडक्यांच्या झडपांना
एवढा एकच रंग चालतो.
माझ्या खणात हिरव्याचे एकोणीस तुकडे आहेत,
त्यातले अठरा नामंजूर.

एकतीस वर्षं मी वारसा समितीच्या खिडकीत बसते.
डोक्यावर तसबीर. माणूस तोच,
दर निवडणुकीनंतर थोडा अधिक पिकलेला:
महापौर ऑगस्टस व्हर्डिए.
मी आले तेव्हा त्याची दुसरी खेप चालू होती.

लोक म्हणतात, त्यानं शहर वाचवलं.
खरंय. मी पाहिलंय.
तेलकंपनीचा बुलडोझर आला तेव्हा हा
भर रस्त्यात खुर्ची टाकून
उकडलेल्या शेंगा खात बसला होता, टरफलं खिशात.
चर्चच्या मनोऱ्याहून उंच काही बांधायचं नाही,
हा कायदा त्याचा.
बंदरावरचं हॉटेल? तेही त्याचंच.
वरचे मजले कापले, आणि आडवं पसरू दिलं
तीन गल्ल्या पोटात घेऊन.
एका गल्लीत न्हाव्याचं दुकान होतं,
मासे तळणारी एक बाई,
बुटांना टाचा ठोकणारा लेव्हॉन.
ते कुठल्याच यादीत नव्हते.
यादी मीच टाईप केली होती.

वारशाची आमची व्याख्या सोळा पानांची आहे.
वीट हवी, चुना हवा, सही करणारा एखादा पूर्वज हवा.
काही विटांवर बोटं उमटलेली असतात,
भट्टीवरच्या गुलाम पोरांची, माती ओली असतानाची.
अशी वीट निघाली की घराचा भाव वाढतो.
पोरांची नावं निघत नाहीत.

ओझीलिया गॅड्सडेन आली त्याला बारा वर्षं झाली.
गवताच्या टोपल्या विणून चिरलेल्या बोटांनी
तिनं अर्ज भरला: घर चार फूट वर उचलायचंय.
'बदलाचं कारण' या रकान्यात एकच शब्द.
पाणी.
समितीनं कळवलं, रस्त्याची रेषा बिघडेल.
कागदाची घडी घालत ती म्हणाली,
"रेषा माझ्या भिंतीवर आहे, बाई. गुडघ्याएवढी.
बघायला या."

मी गेले नाही.

आज अमावस्या. आभाळात ढगाचा ठिपका नाही
आणि गटारांच्या जाळ्यांतून समुद्र वर येतोय,
भर दुपारी, कुणी जेवायला बोलावल्यासारखा.
पाहुण्यांच्या बग्गीचा घोडा चौकात अडून बसलाय.
दारातून एक म्हातारा आला. बूट हातात,
पँट पोटऱ्यांपर्यंत दुमडलेली.
त्यानं टोकन घेतलं. सत्तेचाळीस.
बाकावरचे दोघं उठून उभे राहिले,
त्यानं हातानंच त्यांना खाली बसवलं.

अर्ज नीटनेटका. घर सतराशे एकाहत्तरचं.
चार फूट वर.
बदलाचं कारण...
इथं पेन थांबलं असावं, शाईचा ठिपका मोठा आहे.
पाणी.

मी वर तसबिरीकडे पाहिलं नाही.
खालच्या खणातून गॅड्सडेनची फाईल काढली
आणि काचेच्या फटीतून पुढे सरकवली.
त्यानं चष्मा शोधला. वेळ घेतला.
"ही माझी सही?"
"तुमचीच."
"कुठे असते ती हल्ली?"
"तीस मैल आत, लेकीकडे.
टोपल्या सुटल्या. ते गवत खाऱ्या पाण्याशीच उगवतं."

तो काहीतरी म्हणेल असं मला वाटलं.
निवडणुकीत तो फार चांगलं बोलायचा.

"किती दिवस लागतील?" त्यानं विचारलं.
"नव्वद. अर्ज पूर्ण असेल तर."
टेबलाखाली माझ्या पावलाला काहीतरी गार लागलं.
मी पाय वर, खुर्चीच्या दांडीवर घेतले
आणि हाक मारली:
अठ्ठेचाळीस.